दुधी रातोरात एवढा मोठा कसा होतो? पेशींच्या भिंती सैल करणाऱ्या संप्रेरकांची गोष्ट

दुधी भोपळ्याला इंजेक्शन टोचतानाचा व्हिडिओ तुमच्याही एखाद्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली मजकूर ठरलेला: ‘संध्याकाळी ऑक्सिटोसिन टोचतात, सकाळी दुधी हातभर होतो, आता भाजी खायची की नाही तुम्हीच ठरवा.’ पुढे पाठवणाऱ्याने तो काळजीपोटीच पाठवलेला असतो. असं कोणीच कुठे करत नसेल, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण व्हिडिओ ज्या गोष्टीमुळे खरा वाटतो, ती म्हणजे एका रात्रीत एवढी वाढ होणं. आणि त्यासाठी इंजेक्शनची गरजच नसते.

ज्यांच्या परसात किंवा गच्चीवर वेल आहे त्यांना विचारून बघा. पानाआड लपलेला दोडका दोन दिवस नजरेतून सुटला, तर तिसऱ्या दिवशी तो जून होऊन घोसाळ्यासारखा लोंबत असतो. काकडीचंही तेच. बांबूच्या काही जातींचे कोंब तर एका दिवसात ९० सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. बंगाल, आसाम आणि बांगलादेशातल्या पूरपट्ट्यात होणारा खोल पाण्यातला भात पुराचं पाणी चढू लागलं, की दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर उंच होऊ शकतो, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडं कमी. प्राण्यांमध्ये असा वेग जवळपास कुठेच दिसत नाही. मग वनस्पतींनाच हे कसं जमतं?

वाढतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपण शाळेत शिकतो की वाढ म्हणजे पेशींचं विभाजन. एकाच्या दोन, दोनाच्या चार. हे खरं आहे, पण अर्धंच. पेशी नुसतीच दुभंगली तर एका खोलीत मध्ये भिंत घालून दोन खोल्या केल्यासारखं होतं. घर काही मोठं होत नाही. वनस्पतीचा आकार वाढतो तो मुख्यतः तयार झालेल्या पेशी फुगल्यामुळे. कोंबाच्या टोकाजवळ जन्मलेली चिमुकली पेशी पूर्ण वाढेपर्यंत दहापट, शंभरपट, काही वेळा त्याहूनही मोठी होते. आणि ती फुगते कशाने? बहुतांशी पाण्याने. वाढलेल्या पेशीच्या आत पाण्याची एक मोठी पिशवी असते. रिक्तिका असं तिचं नाव. ती पेशीचा बहुतेक सगळा भाग व्यापते.

वेगाचं रहस्य इथेच आहे. स्नायू किंवा हाड वाढवायचं तर प्राण्याला प्रथिनं तयार करावी लागतात, आणि ते महागडं काम आहे. वनस्पती पाणी भरून मोठी होते, आणि पाणी त्या मानाने स्वस्त. मटकी रात्री फडक्यात बांधून ठेवली की सकाळी मोड आलेले असतात. त्या मोडात रात्रीतून नवं काही फारसं ‘बनलेलं’ नसतं. बी फोडून बाहेर येणारं ते पहिलं मूळ सुरुवातीला आतल्या पेशी पाणी पिऊन लांबल्यामुळेच बाहेर येतं.

पण पाणी भरायचं तर एक अडचण आहे. वनस्पतीची प्रत्येक पेशी एका भिंतीत कोंडलेली असते.

फुटबॉल डोळ्यासमोर आणा. आत रबरी ब्लॅडर, बाहेर चामडं. ब्लॅडर म्हणजे पेशीचं नाजूक पटल, चामडं म्हणजे पेशीभित्तिका. पेशीच्या आत साखर आणि क्षार विरघळलेले असल्यामुळे बाहेरचं पाणी आत येऊ पाहतं, पटल फुगतं आणि भिंतीवर दाबलं जातं. हा दाब किती असतो? प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आतला जादा दाब साधारण एका वातावरणाइतका असतो. गाडीच्या टायरमध्ये दोनाच्या थोडा वर. आणि पालकाच्या पानातल्या साध्या पेशीत तीन ते दहा वातावरणं! हे सगळं सांभाळते ती भिंत. वाढत्या पेशीत तिची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी असते.

मलूल झालेली कोथिंबीर पाण्यात ठेवली की ताठ होते ती याच दाबामुळे. मात्र ती ताठ होते, वाढत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. दाब तर पेशीत कायमच असतो. वाढ व्हायची असेल तेव्हा वनस्पती दाब वाढवत नाही, ती भिंत सैल करते. भिंत जराशी ढिली पडली की तिच्यावरचा ताण उतरतो, आतला दाब किंचित घटतो, तेवढं पाणी आत शिरतं आणि पेशी तेवढी मोठी होते. मग पुन्हा थोडी ढील, पुन्हा थोडं पाणी. दोर हळूहळू सोडावा तसं.

भिंत एकाच बाजूला का ताणली जाते, हेही इथेच सांगून टाकतो. भिंतीत सेल्युलोजचे अतिशय बारीक आणि चिवट धागे असतात. लांबणाऱ्या पेशीत हे धागे बहुतेक आडवे, पेशीभोवती कड्यांसारखे गुंडाळलेले असतात. लाकडी पिंपाभोवती लोखंडी पट्ट्या असतात ना, तसे. त्यामुळे पिंप जाड होऊ शकत नाही, उंच मात्र होऊ शकतं. खोड लांब आणि सडपातळ का वाढतं, याचं बरंचसं उत्तर या पट्ट्यांच्या दिशेत आहे. या धाग्यांना एकमेकांना धरून ठेवायला मध्ये दुसऱ्या शर्करांच्या साखळ्यांचा आणि पेक्टिनचा गिलावा असतो. हे तेच पेक्टिन, जे पेरूच्या जेलीला घट्टपणा देतं.

आता खरा प्रश्न: ही भिंत सैल करायची, तीही वेळेवर, हवी तिथेच आणि ती फुटू न देता. हा निरोप देतं कोण?

गवताच्या कोंबावर घातलेली टोपी

उत्क्रांतीवाले चार्ल्स डार्विन उतारवयात आपल्या मुलाला, फ्रान्सिसला, हाताशी धरून गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग करत होते. खिडकीकडे कोंब वाकतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्यांनी कोंबाच्या टोकावर उजेड अडवणारी छोटीशी टोपी घातली. कोंब वाकेना. टोक उघडं ठेवून खालचा भाग झाकला. कोंब वाकला. म्हणजे उजेड ‘दिसतो’ टोकाला, पण वाकतो खालचा भाग. तर टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. १८८० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात हे नोंदलेलं आहे.

निरोप विजेचा की रसायनाचा? डेन्मार्कच्या बॉयसेन-येन्सेन यांनी टोक कापलं आणि मध्ये जिलेटिनचा पातळ थर ठेवून पुन्हा बसवलं. निरोप पोचला. अभ्रकाचा तुकडा मध्ये घातला तर अडला. म्हणजे झिरपणारं काहीतरी रसायन होतं. १९२६ साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांची टोकं कापून अगारच्या तुकड्यांवर ठेवली. टोकातलं रसायन अगारमध्ये उतरलं. मग तो नुसता अगारचा तुकडा त्याने बिनटोकाच्या कोंबावर, मुद्दाम एका बाजूला सरकवून ठेवला. अंधारातसुद्धा कोंब विरुद्ध बाजूला वाकला! तुकड्याखालची बाजू जास्त वाढली होती. जितकं रसायन जास्त तितका कोन मोठा, त्यामुळे वाकण्याचा कोन मोजून रसायनाचं प्रमाणही काढता येऊ लागलं.

या रसायनाला नाव मिळालं ऑक्सिन. ‘वाढणं’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. कोंबाच्या टोकात ते इतकं कमी असतं की शुद्ध स्वरूपात काढणं अवघड. मग उत्रेख्तच्याच फ्रिट्झ क्योगल यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं कुठे? माणसाच्या लघवीत. १९३४ पर्यंत त्याची ओळख पटली: इंडोल ॲसेटिक आम्ल. (त्याच प्रयोगशाळेने त्याआधी जाहीर केलेली ‘ऑक्सिन ए’ आणि ‘ऑक्सिन बी’ ही द्रव्यं मात्र नंतर कधीच कुणाला सापडली नाहीत. विज्ञानातही अशा भानगडी होतात.)

लघवीतल्या ऑक्सिनचा मुद्दा लक्षात ठेवा. भाजीतल्या ‘हार्मोन’ची भीती घालणारे मेसेज वाचताना तो कामी येईल.

भिंतीत आम्ल सोडलं जातं

ऑक्सिन सापडलं, पण ते भिंत सैल कसं करतं हे कळायला आणखी तीन-चार दशकं गेली. कोंबाच्या तुकड्याला ऑक्सिन दिलं की साधारण दहा मिनिटांनी त्याचा वाढीचा वेग एकदम चढतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत रेल आणि क्लीलँड यांनी आणि जर्मनीत हागर यांच्या गटाने एक साधी गोष्ट दाखवली. ऑक्सिन न देता कोंबाचे तुकडे नुसत्या सौम्य आम्लात बुडवले, तरी ते वाढतात. दहा मिनिटं थांबायचीही गरज नाही, जवळजवळ लगेच. उलट भिंतीतलं आम्ल निष्प्रभ करून टाकलं, तर ऑक्सिन देऊनही वाढ होत नाही. थोडक्यात, ऑक्सिनचा निरोप मिळाला की पेशी स्वतःच्या भिंतीत आम्ल सोडते. यालाच ‘आम्लवाढ’ असं म्हणतात.

हे आम्ल सोडणारा पंप पेशीच्या पटलातच बसवलेला असतो. तो ऊर्जा खर्च करून आतले हायड्रोजन आयन बाहेर, भिंतीत फेकतो. भिंतीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण एका अंकाने उतरतो. एक अंक ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ आम्लता दहापट झाली असा आहे. एका बुरशीला ही कळ बरोबर ठाऊक आहे. बदाम आणि पीचच्या झाडांवर पडणारी ही बुरशी फ्युसिकॉक्सिन नावाचं विष सोडते आणि ते विष हा पंप ‘चालू’ स्थितीतच अडकवून ठेवतं. पानांवरची रंध्रं उघडी राहतात आणि झाड वाळतं. पण तेच विष प्रयोगशाळेत कोंबाच्या तुकड्याला दिलं की तो झपाझप वाढतो.

पण आम्ल भिंतीला खातं का? नाही. लिंबू पिळल्यावर काकडीची कोशिंबीर काही विरघळून जात नाही. मग आम्ल करतं काय, याचं उत्तर १९९२ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात मिळालं, आणि तेही काकडीच्याच रोपात. सायमन मॅक्वीन-मेसन आणि डॅनियल कॉसग्रोव्ह यांनी काकडीच्या रोपाचे कोवळे दांडे गोठवून पेशी मारून टाकल्या. मागे उरल्या त्या फक्त भिंती. या मेलेल्या भिंती चिमट्यात धरून ताण दिला आणि आम्ल ओतलं, तर त्या हळूहळू लांबू लागल्या. भिंती आधी उकळल्या तर मात्र लांबेनात. उकळल्यावर बिघडतं ते प्रथिन, म्हणजे आम्ल एखाद्या प्रथिनाला जागं करत असणार. मग त्यांनी ताज्या भिंतींमधून काढलेली प्रथिनं त्या उकळलेल्या भिंतींवर घातली. लांबणं पुन्हा सुरू! त्यातून वेगळ्या काढलेल्या प्रथिनाला नाव मिळालं एक्सपान्सिन.

एक्सपान्सिनची गंमत अशी की ते काहीच कापत नाही. सेल्युलोजच्या धाग्यांना शेजारच्या साखळ्या चिकटून असतात त्या असंख्य नाजूक बंधांनी. एक्सपान्सिन या बंधांची पकड क्षणभर सोडवतं. आतल्या दाबामुळे धागे एकमेकांवरून तसूभर सरकतात आणि नव्या जागी पुन्हा चिकटतात. वेल्क्रोची पट्टी एका टोकाकडून उचलून पुढे चिकटवत नेल्यासारखं. याच दोघांनी पुढे साध्या गाळणकागदावर हे प्रथिन घालून बघितलं, तर कागदही कमकुवत झाला, आणि त्याचा एकही रेणू कापला गेला नव्हता! भिंत सैल झाल्यावर ती पातळ पडू नये म्हणून पेशी आतून नवे धागे विणत राहते. त्यामुळे भिंत कितीही लांबली तरी फाटत नाही.

निरोप वाचला कसा जातो, हे थोडक्यात सांगतो. पेशीत टीआयआर-१ नावाचं एक ग्राहक प्रथिन असतं. ते ऑक्सिनचं ग्राहक आहे हे २००५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं. ऑक्सिन त्यात बसलं की वाढीची जनुकं दाबून ठेवणारी प्रथिनं नष्ट केली जातात. जनुकं मोकळी होतात, आणि त्यातून बनणारी काही छोटी प्रथिनं आम्लाच्या पंपाला ‘बंद’ करणाऱ्या विकरालाच अडवतात. म्हणजे ब्रेक दाबणाऱ्याचा हात धरून ठेवायचा. पंप सुरूच राहतो.

आता खिडकीतल्या कुंडीकडे बघा. उजेड एका बाजूने आला की ऑक्सिन सावलीच्या बाजूला जास्त जमतं. त्या बाजूच्या भिंती जास्त सैल होतात, ती बाजू जास्त लांबते आणि रोप उजेडाकडे कलतं. म्हणजे रोप उजेडाकडे ‘खेचलं’ जात नाही, अंधारातली बाजू त्याला ढकलते. कुंडी दर दोन-चार दिवसांनी फिरवत राहिलात तर रोप सरळ वाढतं, ते याचमुळे.

मुळांचं गणित मात्र उलटं. खोडाला वाढवणारं ऑक्सिनचं प्रमाण मुळाची वाढ थांबवतं. आडव्या पडलेल्या मुळाच्या खालच्या बाजूला ऑक्सिन साचतं, ती बाजू मागे पडते, वरची वाढते आणि मूळ जमिनीकडे वळतं. असं उलटं का, याचा एक मोठा धागा २०२१ मध्ये सापडला. मुळात ऑक्सिन आलं की अर्ध्या-एक मिनिटात भिंतीतलं आम्ल घटतं. आम्लाचा पंप इथेही असतो, पण त्याच वेळी हायड्रोजन आयन परत आत ओढणारी दुसरी यंत्रणा त्यावर मात करते.

हे वाचून कुणी कुंडीत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओतणार असेल तर थांबा. प्रयोगात कोंबावरचा मेणचट थर आधी खरवडून काढावा लागतो, नाहीतर आम्ल आत जातच नाही. आणि नुसत्या आम्लाने आलेली वाढ फार वेळ टिकत नाही. मातीचं आम्लीकरण ही वेगळी गोष्ट आहे आणि बहुतेक कुंड्यांना त्याची गरज नसते.

‘मूर्ख रोपां’चा आजार

ऑक्सिनइतकंच महत्त्वाचं दुसरं संप्रेरक म्हणजे जिबरेलिन. त्याचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानी शेतकरी त्या रोगाला ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. रोग लागलेलं रोप बाकीच्यांच्या डोक्यावरून वाढतं, फिकट आणि किडकिडीत होतं आणि शेवटी कोलमडतं. १९२६ साली तैवानमध्ये काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की रोगाची बुरशी ज्या पाण्यात वाढवली, ते पाणी गाळून बुरशीशिवाय दिलं तरी रोपं तशीच वाढतात. बुरशीच्या तेव्हाच्या नावावरून १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी या द्रव्याचं नाव जिबरेलिन ठेवलं. नंतर कळलं की हे द्रव्य बुरशीची मक्तेदारी नाही, प्रत्येक झाड ते स्वतःसाठी बनवतंच. बुरशी फक्त अतिरेक करते.

जिबरेलिन ऑक्सिनसारखं थेट आम्लाच्या वाटेने जात नाही. पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीचा ब्रेक दाबून बसलेली असतात. जिबरेलिन आलं की ही प्रथिनं मोडीत काढली जातात, मग एक्सपान्सिन आणि भिंतीची जुळणी बदलणारी इतर विकरं बनवणारी जनुकं जागी होतात. पेशींचं विभाजनही वाढतं. खोल पाण्यातला भात पुरात दोन हात उंच होतो तो यामुळेच: पाण्याखाली इथिलीन वायू कोंडतो, त्याच्या इशाऱ्यावर जिबरेलिन वाढतं आणि कांडी लांबतात. ही क्षमता देणारी जनुकं जपानी संशोधकांनी २००९ मध्ये शोधली आणि त्यांना नाव दिलं स्नॉर्कल.

हा ब्रेक आपल्या ताटातल्या पोळीशीही जोडलेला आहे. १९६० च्या दशकापर्यंत गव्हाला भरपूर खत दिलं की तो उंच वाढायचा आणि ओंबीच्या वजनाने आडवा पडायचा. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जपानच्या ‘नोरिन १०’ या गव्हाचा बुटकेपणा आपल्या वाणांत आणला. १९६६ साली भारताने त्या बुटक्या मेक्सिकन वाणांचं १८,००० टन बियाणं आणवलं. हरितक्रांतीची सुरुवात म्हणून आपण जी गोष्ट सांगतो, ती ही. गहू बुटका का, हे मात्र १९९९ साली कळलं. त्याच्या डेला प्रथिनात असा बदल आहे, की जिबरेलिन आलं तरी ब्रेक सुटत नाही. आयआर-८ या बुटक्या भातात बिघाड वेगळा, पण त्याच वाटेवरचा: तिथे जिबरेलिन बनवणारं विकरच अधू आहे. दोन्हीकडे कांडी आखूड राहिली आणि वाचलेली ताकद दाण्यात गेली.

द्राक्षाचा मणी आणि जीए

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्षबागायतदारांना हे सगळं शास्त्र नव्याने सांगायची गरज नाही. त्यांच्याकडे जिबरेलिक आम्लाचं नाव ‘जीए’. फळछाटणीनंतर घड फुलोऱ्याच्या आधी असताना अगदी कमी प्रमाणात, दहा पीपीएमच्या आसपास, फवारणी करतात ती घड लांबून मोकळा व्हावा म्हणून. मणी धरल्यावर जास्त प्रमाणाचं द्रावण करून घड त्यात बुडवतात, ते मणी फुगावा म्हणून. भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी ॲसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते.

हे करावं का लागतं? कारण आपल्याला बी नको असते. फळात जिबरेलिनचा मोठा पुरवठा बियांकडून होतो. थॉम्पसन सीडलेस किंवा त्यातूनच निवडलेली तासगावकडची तास-ए-गणेश यांच्या मण्यात बी पूर्ण वाढतच नाही. पुरवठा तुटतो आणि मणी बारीक राहतो. बाहेरून दिलेलं जीए ही उणीव भरून काढतं. बाजारातलं जीए बनतं तेही त्याच ‘मूर्ख रोप’ बुरशीच्या पिंपांत.

जास्त दिलं तर? घडाचा दांडा जाड आणि कडक होतो, मणी गळतात, साल जाड होते, आणि पुढच्या हंगामात घड देणाऱ्या डोळ्यांची संख्या घटते. म्हणून प्रमाण आणि वेळ यावर सगळी मदार. शेजारच्याचा घड मोठा दिसला म्हणून आपणही एक डिपिंग वाढवायचं, हा हिशेब पुढच्या वर्षी अंगाशी येऊ शकतो.

आता पहिल्या व्हिडिओकडे परत येऊ. संप्रेरक म्हणजे किल्ली, आणि पेशीत तिचं कुलूप असेल तरच ती चालते. ऑक्सिटोसिन हे प्राण्यांचं संप्रेरक. गाय-म्हैस पान्हावते ती त्याच्यामुळे. वनस्पतीत त्याचं कुलूप नाही, आणि भिंती सैल करणाऱ्या वर सांगितलेल्या कुठल्याच साखळीत त्याला जागा नाही. उलट बाजूनेही हाच हिशेब लागू पडतो. ऑक्सिन आणि जिबरेलिन तुम्ही प्रत्येक घासात खाता, कारण दुधीत, मटकीत, गव्हात ती असतातच. ऑक्सिन शरीरातून लघवीवाटे बाहेर पडतं, आणि म्हणूनच क्योगलना ते तिथे सापडलं. या दोघांची वनस्पतीतली कुलपं आपल्या पेशींत नाहीत. याचा अर्थ फवारलेली फळं न धुता खावीत असा नाही. कीटकनाशकं आणि बुरशीनाशकं हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. ‘हार्मोनने वाढवलेलं’ या शब्दाला घाबरून आपलं लक्ष भलतीकडे जातं, एवढंच.

तेच ऑक्सिन, तणनाशक म्हणून

ज्या संप्रेरकाबद्दल खरंच जपून राहावं असं एक आहे, आणि त्याच्याबद्दल फॉरवर्ड फारसे येत नाहीत. १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ब्रिटन आणि अमेरिकेत ऑक्सिनची कृत्रिम नक्कल तयार झाली: टू-फोर-डी. ऑक्सिनच्याच कुलपात ती बसते. पण पेशी स्वतःचं ऑक्सिन काम झालं की मोडून टाकते, तसं तिला टू-फोर-डी चटकन मोडता येत नाही. निरोप थांबतच नाही. देठ पिळवटतात, पानं मुडपतात, खोड फुगून चिरतं. अशी झाडं ‘वाढून वाढून मरतात’ असं सर्रास म्हटलं जातं, पण ते पूर्ण खरं नाही. सुरुवातीच्या वेड्यावाकड्या वाढीनंतर इथिलीन आणि इतर संप्रेरकांचा पूर येतो, पानांची रंध्रं बंद होतात आणि झाड आतून कोसळतं.

गवतवर्गीय पिकं हे द्रव्य लवकर निकामी करतात आणि त्यांच्यात ते फारसं पसरतही नाही. म्हणून ऊस, गहू, मका, ज्वारी यांत रुंद पानांच्या तणांसाठी ते चालतं. अडचण शेजारच्या शेतात होते. कापूस आणि द्राक्ष या दोन्ही पिकांना टू-फोर-डी अगदी थोड्या मात्रेतही सोसत नाही. उसात फवारलेलं वाऱ्याबरोबर किंवा वाफ होऊन पलीकडच्या बागेत गेलं, की द्राक्षाची नवी पानं पंख्यासारखी आकसतात. कपाशीची पानं बोटांसारखी अरुंद आणि चिरलेली दिसू लागतात. बघणाऱ्याला तो विषाणूजन्य रोग वाटतो, मग त्यावर भलतीच औषधं मारली जातात.

दोष बऱ्याचदा वाऱ्याचाही नसतो, पंपाचा असतो. उसात टू-फोर-डी मारलेला पंप नुसता पाण्याने खळखळून दुसऱ्या दिवशी कपाशीत नेला, तर टाकीला, नळीला आणि नोझलला चिकटून राहिलेलं द्रव्य पुरेसं ठरतं. म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी आणि तो कुणी मागायला आला तर आधी कुठल्या पिकात नेणार ते विचारावं. फवारणी वारा पडलेला असताना करावी, दुपारच्या उन्हात टाळावी. पानं आकसलेली दिसली, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी गेल्या पंधरवड्यात आजूबाजूला कुणी काय फवारलं याची चौकशी करावी. फटका हलका असेल तर पुढची पानं सरळ येतात, आणि तोवर झाडाला पाणी देत थांबणं हेच बहुतेक वेळा हातात असतं.